वैशाखातील पेठ

या सदरात आपण सहसा ठेवी, नामांकन, मृत्युपत्र, जामीनकी अशा विषयांवर बोलतो. वाचकांची पत्रेही त्याच स्वरूपाची येतात आणि त्यांना उत्तरे देणे हे निवृत्त बँक अधिकाऱ्याला जमण्यासारखे काम आहे. गेल्या महिन्यात मात्र एक फोन असा आला की त्याचे उत्तर बसल्या जागी देता येईना. त्यासाठी सांगलीला जावे लागले. या वेळचा मजकूर त्या एका दिवसाचा आहे. व्याजदरांची चौकशी करणाऱ्या वाचकांनी कृपया पुढील अंकापर्यंत थांबावे.

फोन एका तरुणाचा होता. "काका, मी सांगलीहून बोलतोय, गणपती पेठेतून. आमच्या आजोबांच्या अडतीवर तुमचे वडील दिवाणजी होते. मला गोदामातल्या हळदीवर कर्ज काढायचं आहे. आजी म्हणाली, आधी तुम्हाला विचारावं."

नियम मी त्याला फोनवरच सांगू शकलो असतो. दहा मिनिटांचे काम होते. परंतु 'आजी म्हणाली' एवढे ऐकल्यावर पुढचे शब्द सुचेनात. त्या घराचा उंबरठा मी 39 वर्षे ओलांडला नव्हता. वडील हयात होते तोवर सांगलीला जाणे-येणे होते, पण बसस्थानकावरून घरी जाताना मी पेठ टाळून जात असे. 1998 साली वडील गेले, भाड्याची खोली सोडली आणि मग जाण्याचे कारणही उरले नाही. मी त्या मुलाला म्हणालो, "मी येतो." त्यालाही आश्चर्य वाटले असावे.

सकाळी साडेदहाला उतरलो तेव्हाच डोक्यावर ऊन तापले होते. रिक्षा न करता चालत निघालो. पेठेत शिरताच प्रथम ओळख पटली ती नाकाला. हळदीचा वास हा स्वयंपाकघरात वेगळा आणि पेठेत वेगळा. येथे त्यात तागाच्या पोत्यांचा, सुतळीचा, घामाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास मिसळलेला असतो. आता हळदीचा बहुतेक व्यवहार मार्केट यार्डात चालतो. पेठेत स्टेशनरी, प्लास्टिकच्या बादल्या आणि मोबाइलची दुकाने आली आहेत. तरी अधूनमधून एखादे जुने दुकान, त्याची लाकडी फळी, पांढरी गादी आणि ओट्यावर रचलेली पोती दिसली की पाय आपोआप थांबत होते.

एका दुकानासमोर तीन हमाल पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत झोपले होते. त्यांच्या पोटऱ्या गुडघ्यापर्यंत पिवळ्या. शेजारी एक कुत्रा, मूळचा पांढरा असावा, तोही पिवळा. माझ्या लहानपणी या पेठेतील सर्वच वस्तू पिवळ्या असत. तराजू, पायऱ्या, शेठजींच्या धोतराचा सोगा, वडिलांच्या टोपीची कडा. पुढे बँकेत लागल्यावर रोखपाल सांगत असत की सांगलीकडून आलेली नोटांची थप्पी डोळे मिटूनही ओळखता येते.

रसाच्या गाड्यावरील घुंगरांचा आवाज आला म्हणून तिकडे वळलो. "बर्फ घालू का, काका?" "नको." "आलं?" "तेही नको." रसवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "जैन काय?" त्याने मागचे चिपाड बाजूला सारून चरकाची तळी धुतली, लिंबू पिळले आणि पेला पुढे केला. पेठेतील रसवाल्याला गिऱ्हाईक कळते.

शेजारच्या किराणा दुकानात गादीवर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. शाळेला सुट्टी. वडील जेवायला गेलेले. कोणी अर्धा किलो साखर मागितली की तो गंभीर चेहऱ्याने कागदाची पुडी बांधत होता आणि सुतळी दातांनी तोडत होता. तिसऱ्या पुडीला तळ सुटला. त्याने आजूबाजूला पाहिले, सांडलेली साखर निमूट वेगळ्या डब्यात भरली आणि गिऱ्हाइकाला पुन्हा पूर्ण वजन करून दिली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मे महिन्याची सुट्टी अशीच जात असेल.

माझी तर तशीच गेली. वडिलांचा डबा घेऊन मी दुपारी बाराला अडतीवर जात असे आणि ऊन उतरेपर्यंत तेथेच राहत असे. शेठजींनी मला काम लावून दिले होते. गाडीतून पोते उतरले की भिंतीवर खडूची एक रेघ, पाचवी रेघ आडवी. संध्याकाळी माझ्या रेघा आणि हमालांच्या मुकादमाचा आकडा जुळला तर मूठभर शेंगदाणे मिळत. वडील रोजमेळ लिहीत. जमा डावीकडे, नावे उजवीकडे, हे मी वयाच्या नवव्या वर्षी शिकलो. पुढे महाविद्यालयात खतावणीत डेबिट डावीकडे आले तेव्हा आठवडाभर मला वाटत होते की प्राध्यापकांचेच काही चुकते आहे.

वडिलांचे अक्षर सुरेख होते. टाकाची सवय असल्यामुळे 'क'चा गाठीला ते किंचित दाब देत. हे मुद्दाम सांगतो आहे.

घर शोधावे लागले नाही. पूर्वीच्या वाड्याचा अर्धा भाग उरला आहे, उरलेल्या अर्ध्या जागेवर दुसऱ्यांची तीन मजली इमारत आहे. तो अर्धा भाग 1986 साली विकला गेला. का विकला गेला, ते मला ठाऊक होते.

दार नातवाने उघडले. तिशीच्या आतला, चपळ, बोलका मुलगा. हळद आणि मसाल्यांची पाकिटे भरून तो बाहेरच्या राज्यांत पाठवतो. आत चौकात काकी खुर्चीवर बसल्या होत्या. वय 88. समोरच्या सुपात मूग निवडत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिले आणि नातवाला म्हणाल्या, "हे दिवाणजींचे चिरंजीव. पेव उघडलं होतं ते हेच."

स्वरात राग नव्हता, कडवटपणाही नव्हता. एखाद्याची ओळख 'हे अमक्याचे जावई' अशी करून द्यावी, तशी त्यांनी करून दिली. नातवाला काही कळले नसावे. मी वाकून नमस्कार केला. "उन्हातनं आलास. आधी पाणी पी," त्या म्हणाल्या. उकळून गार केलेले माठातले पाणी त्यांनी स्वतः उठून दिले. सुनेला त्या देऊ देत नव्हत्या.

जेवण झाल्यावर नातवाने मोबाइलवर आपली कागदपत्रे दाखवली. हल्लीची पद्धत पुष्कळ सोपी आणि पुष्कळ सुरक्षित आहे. गोदामांसाठी 2007 चा कायदा आहे, नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की इलेक्ट्रॉनिक पावती मिळते आणि त्या पावतीवर बँक कर्ज देते. पावतीवर बँकेचा बोजा चढला की बँकेच्या संमतीशिवाय माल बाहेर पडत नाही. मी त्याला दोन-तीन गोष्टी सांगितल्या. विमा मालाच्या चालू किमतीइतका आहे का ते पाहा. भाव पडले तर बँक जादा मार्जिन मागेल, ती रक्कम आजच कोठे तरी बाजूला ठेव. आणि शेतकऱ्यांचे देणे याच कर्जातून भागवायचे असेल तर तसे बँकेला आधी सांग. शेवटचे वाक्य बोलताना माझे लक्ष काकींकडे गेले. त्या मूगच निवडत होत्या.

दुपारी चारच्या सुमारास नातू म्हणाला, "काका, हरिपूरला येता का? आजी नेहमी म्हणते, पेवं बघून ये म्हणून. मी कधी नीट पाहिलीच नाहीत."

त्याच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. हरिपूर सांगलीपासून जवळच आहे. कृष्णा आणि वारणा यांचा संगम, काठावर संगमेश्वराचे देऊळ. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे हे गाव. संगमावर मुले पाण्यात उड्या मारत होती. त्यांतील एकाची आई काठावर उभी राहून त्याला परीक्षेच्या निकालाची आठवण करून देत होती आणि तो प्रत्येक वेळी पाण्याखाली जाऊन ते न ऐकण्याची सोय करत होता.

ज्या वाचकांनी पेव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. तोंड अरुंद, पोट रुंद, जणू जमिनीत पुरलेला माठ. हरिपूरची माती अशी घट्ट की आत ओल शिरत नाही. आतून पाल्याचे अस्तर लावून हळकुंडे भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. हळद त्यात वर्षानुवर्षे टिकत असे, कीड लागत नसे. भाव येईपर्यंत थांबण्याची ताकद व्यापाऱ्याला या खड्ड्यांनी दिली. मात्र बंद पेवातील हवा माणसाला घातक असते. तोंड फोडल्यावर काही वेळ थांबावे लागते आणि कोणी उतरण्यापूर्वी दोरीने कंदील आत सोडावा लागतो. ज्योत विझली तर उतरायचे नाही.

आता तेथे फारसे काही उरलेले नाही. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि तेव्हापासून ती पद्धत मोडत गेली. 2019 साली तर आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. माल शीतगृहांत आणि गोदामांत गेला. बरीच पेवे बुजली, काहींवर घरे उभी राहिली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वेळी वर्तमानपत्रांनी पेवांची छायाचित्रे छापली होती. एका मोकळ्या जागेत गवतातून गोल कडा दिसत होती. नातवाने फोटो काढले. मी काठावर बसलो आणि त्याला सांगितले, जे या सदरातही आजवर लिहिले नव्हते.

मे 1986. मी कोल्हापूरच्या कार्यालयात क्षेत्र अधिकारी होतो, वय 28. सांगलीतील काही हळद व्यापाऱ्यांच्या मालाची तपासणी माझ्याकडे आली, त्यांत शेठजींचे खाते होते. मी वरिष्ठांना सांगितले की माझे वडील तेथे दिवाणजी आहेत, दुसऱ्या कोणाला पाठवावे. ते हसून म्हणाले, "मग तर तुम्हाला पेवं नीट दाखवतील." कर्ज नजरगहाणाचे होते. या व्यवहारात माल व्यापाऱ्याच्याच ताब्यात असतो. बँकेकडे असते ते मालाचे निवेदन आणि अधूनमधून पाहून येणारी नजर. निवेदनात चार पेवे भरलेली दाखवली होती. निवेदन वडिलांच्या अक्षरात होते. 'क'ची गाठ मी पहिल्याच ओळीत ओळखली.

सहसा बँका पेव उघडायला लावीत नसत. उघडले की माल काढावा लागतो, पुन्हा भरणाई, पुन्हा लिंपण. वरची माती, पेवमालकाच्या वहीतील नोंद, एवढे पाहून सही होत असे. पहिली दोन पेवे मी तशीच पाहिली. तिसऱ्याच्या तोंडावरची माती मला गुळगुळीत वाटली. वैशाखाच्या उन्हात जुन्या लिंपणाला भेगा पडतात, वर धूळ बसते. या मातीवर बोटांचे ठसे ताजे होते. मी म्हणालो, "हे उघडा." पेवमालक काही क्षण उभा राहिला, मग त्याने पहार आणली. तोंड मोकळे झाल्यावर त्याने सवयीने कंदील खाली सोडला. ज्योत हललीसुद्धा नाही. स्वच्छ, पिवळी, सरळ जळत राहिली. भरलेल्या, महिनोन्‌महिने बंद असलेल्या पेवात ती अशी जळत नाही. खाली तळ दिसत होता.

चौथेही तसेच निघाले.

कारण मला नंतर समजले. त्या साली भाव उतरले होते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या थकल्या होत्या. मृग तोंडावर आला होता, बियाणे घ्यायचे होते, कोणाच्या घरी लग्न होते. शेठजींनी दोन पेवांतील माल विकून शेतकऱ्यांचे पैसे दिले आणि निवेदनात तो माल तसाच ठेवला. व्यापारी वाचकांपैकी काही जण म्हणतील, बरोबर केले. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तसे म्हणता येत नाही. गहाण मालावर पहिला हक्क बँकेचा, आणि बँकेचा पैसा म्हणजे कोणा विधवेची, कोणा शिक्षकाची ठेव. आजही मी तोच अहवाल लिहीन. अहवालात 'निवेदन कोणाच्या हस्ताक्षरात आहे' असा रकाना नसतो, ही एक सोय त्या वेळी झाली.

परंतु हरिपूरहून परतताना मी अडतीवर गेलो नाही. शेठजींसमोर अर्धा तास बसून 'मला असे आढळले, मी असे लिहिणार आहे' एवढे सांगणे माझ्या कर्तव्यात बसत होते. ज्या ओट्यावर मी खडूच्या रेघा मारल्या त्या ओट्यावर चढण्याचे धैर्य मला झाले नाही. मी घरी गेलो. दिवस मावळण्यापूर्वी जेवणे झाली. वडील अडतीवरून आले होते, त्यांना सगळे कळलेले असणारच. ते पानावर खाली मान घालून जेवले. शेवटची बस पकडण्यासाठी मी चपला घालत होतो तेव्हा त्यांनी विचारले, "उतरण्याआधी कंदील सोडला होतास ना?"

"हो," मी म्हणालो. त्या विषयावर आमचे तेवढेच बोलणे झाले. पुढील 12 वर्षांत पुन्हा नाही.

कर्जमर्यादा निम्मी झाली. शेठजींनी वाड्याचा अर्धा भाग आणि घरातील सोने विकून खाते व्याजासह पूर्ण फेडले. त्या दिवाळीला अडतीवर वहीपूजन झाले नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "पण काका, तुमच्या वडिलांनी खोटं लिहिलंच कसं?" मी म्हणालो, ते मलाही ठाऊक नाही. तसे सांगताना बरे वाटले नाही.

परतलो तेव्हा पश्चिमेकडे आभाळ काळवंडू लागले होते. काकी चौकातच होत्या. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "उरलीत का?" "एखाददुसरं, बुजलेलं," मी म्हणालो. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले.

"तुझ्या वडलांनी त्या दिवशी सकाळीच ह्यांना सांगितलं होतं. मी आत दूध तापवत होते, ऐकलं. म्हणाले, शेठजी, आज तपासणीला आमचा मुलगा येतोय. तो उघडायला लावील."

मी विचारले, "मग शेठजी काय म्हणाले?"

"म्हणाले, लावू दे."

थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलू लागल्या. दिवाळीनंतर अडत बंद झाली, तरी वडील रोज सकाळी दहाला येत राहिले. ओट्यावरची एक फळी काढून आत बसत. ज्या ज्या शेतकऱ्याचे काही निघत होते त्याचे खाते उतरवून, पट्टी लिहून, पैसे येतील तसे देऊन टाकत. शेवटची पट्टी चैत्रात झाली. त्या सहा महिन्यांचा पगार त्यांनी घेतला नाही. किल्ल्या दिल्या त्या दिवशी जेवून जा म्हटले, तर थांबले नाहीत. मी कोल्हापुरात होतो. आईच्या पत्रांत असे, 'तुझे वडील सकाळी बाहेर पडतात ते दुपारीच येतात.' मी समजत होतो की ते वाचनालयात जाऊन बसत असतील, आणि दर महिन्याला पैसे थोडे जादा पाठवीत होतो.

मला विचारायचे होते की ते निवेदन लिहिताना वडील काही म्हणाले होते का. तेवढ्यात वारा सुटला. गच्चीवरून सुनेची हाक आली, "अहो, पापड!"

वळीव सांगलीला असाच येतो, सांगून येत नाही. नातू दोन पायऱ्या एका ढांगेत घालून वर धावला, त्याच्यामागे मी. गच्चीवर चार धोतरांवर उडदाचे पापड आणि तांदळाच्या कुरडया पसरल्या होत्या. टपोरे थेंब पडू लागले होते. सून एका टोकाला, नातू दुसऱ्या टोकाला, मी तिसऱ्या, आणि चौथा कोपरा वाऱ्याने वर उडत होता. तिने तो पायाखाली दाबला. तीन धोतरे जिन्यात नेली, चौथे अर्धे भिजले. खाली दिवाणखान्यात पंख्याखाली सर्व पसरून झाले तेव्हा काकी काठी टेकत आल्या आणि ओल्या कुरडया वेगळ्या करायला लागल्या. बाहेर मातीचा आणि हळदीचा मिळून एक वास उठला होता.

सूर्यास्ताला थोडाच अवकाश होता. पाने वाढली गेली. जेवताना नातू म्हणाला, "मग काका, अर्ज करू ना उद्या? पावती ऑनलाइन आहे, सगळं दिसतं."

"गोदाम किती लांब आहे?" मी विचारले.

"आठ-दहा किलोमीटर. पण जायची काही गरज नाही काका, गोदामवाल्याची तपासणी झालेली असते, वजनसुद्धा—"

"दाखव की त्याला," काकी म्हणाल्या.

मी पुण्याला घरी फोन करून सांगितले की आज येत नाही, उद्या दुपारच्या बसने निघेन.